तिसऱ्या चंद्रावरची मेजवानी

'तिसऱ्या चंद्राचे रहिवासी' ही मालिका तुम्ही पाहिली असेल, नसेल, माझं काही म्हणणं नाही. पण त्या मालिकेच्या पडद्यामागचं काही विचारायचं असेल, तर अख्ख्या कैरोत एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे मी! बय्यूमी अब्दुल-गव्वाद, वस्तू-विभाग. पडद्यावर जे जे दिसतं आणि श्वास घेत नाही, ते सगळं माझं.

हे आज सांगायचं कारण म्हणजे माझी भाची. परवा ती घरी आली आणि मोबाईल काढून म्हणाली, "मामा, तुमच्या मालिकेबद्दल कुणीतरी लिहिलंय. पडद्यामागच्या पंचवीस अज्ञात गोष्टी!" म्हटलं, वाच. तिने वाचल्या. पंचवीसपैकी चोवीस शुद्ध थापा! म्हणे अंतराळयानाचा दरवाजा जर्मनीहून मागवला होता. अहो, कसली जर्मनी! तो आमच्या जुन्या फ्रीजचा दरवाजा होता. मी तो काढून नेला तेव्हा आत दूध होतं, यावरून माझी बायको तहानी अजून मला टोमणे मारते. म्हणे परग्रहावरच्या पिलाचा आवाज संगणकावर तयार केला. तो आमच्या मेकअपवाल्याच्या दम्याचा आवाज होता, त्याच्याच परवानगीने!

पण सतराव्या गोष्टीला मी कपाळाला हात लावला. ती अशी: 'तेविसाव्या भागातल्या मेजवानीत चंद्रराजाच्या डोळ्यांत जे पाणी येतं, ते खरं आहे. त्या क्षणी अभिनेत्याला आपल्या दिवंगत आईची आठवण झाली.'

दिवंगत? चंद्रराजा झालेल्या उस्ताद वगीह यांच्या आई टांटा गावात ठणठणीत आहेत! गेल्याच महिन्यात त्यांनी भाजीवाल्यावर काठी उगारली. आणि डोळ्यांतलं पाणी खरं होतं हे मी मान्य करतो, पण ते कशाने आलं हे फक्त मला माहीत आहे, कारण ते मीच आणलं. आता पोटात ठेवत नाही. सांगूनच टाकतो.

रमजानची मालिका म्हणजे तीस दिवस, तीस भाग. इतर देशांत म्हणे आधी सगळं चित्रण पुरं करतात आणि मग दाखवतात. असतील बापडे हुशार. आमच्याकडे आजचा भाग रोजा सुटल्यावर लोक बघतात, तेव्हा उद्याचा भाग अजून कापाकापीत असतो आणि परवाच्याची पटकथा कुठेतरी लिहिली जात असते. तर बाविसावा रोजा होता, आणि तेविसाव्या भागातलं एकच दृश्य उरलं होतं: तिसऱ्या चंद्राचा राजा सूर्यास्ताच्या वेळी आपल्या प्रजेला मेजवानी देतो. स्टुडिओचं आवार एका ऐतिहासिक मालिकेच्या उंटांनी अडवलं होतं, म्हणून आम्ही स्टुडिओमागची गल्ली घेतली. कॅमेरा समोरच्या इमारतीच्या पाचव्या मजल्याच्या गच्चीवर. सूर्य बुडाल्यावर जो लाल संधिप्रकाश मिळतो, दहा-बारा मिनिटांचा, तेवढ्यात एका दमात सगळं टिपायचं. चुकलं की दुसऱ्या दिवशी भाग नाही. लाखो लोक टीव्हीसमोर, आणि पडद्यावर तुपाची जाहिरात!

दिग्दर्शक शेहाब पोरगेलासा होता, पण माणूस गोड. त्याने मला बाजूला घेतलं. "काका," तो म्हणाला, "ही मेजवानी सगळी तुमच्यावर आहे. ही जमली ना, की उद्याच्या भागात तुमचं नाव. वेगळ्या पाटीवर. एकटं!"

मंडळी, सव्वीस वर्षं मी या धंद्यात आहे. सुलतानांच्या तलवारी मी केल्या, नायिकांची प्रेमपत्रं मी लिहिली, एका खुन्याच्या हातातला सुरा तर आमच्या स्वयंपाकघरातला होता. पण पाटीवर कायम 'वस्तू-विभाग: स्टुडिओचे कर्मचारी'. माझी तीन मुलं लहानपणी टीव्हीसमोर बसून माझं नाव शोधायची आणि शोधता शोधता झोपी जायची. तेव्हा मला खूप वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? म्हणून शेहाबने तसं म्हटल्याबरोबर मी तहानीला फोन केला. आणि तहानीला सांगितलं म्हणजे अकरा बिऱ्हाडांच्या आमच्या इमारतीला लाउडस्पीकरवरून सांगितल्यासारखंच. संध्याकाळपर्यंत रद्दीवालासुद्धा माझं अभिनंदन करून गेला होता. आता मेजवानी फसली असती तर मला घरी जायला तोंड उरलं नसतं.

पण फसते कशी? योजना माझी होती! माझा एक नियम आहे: रोजा असलेल्या माणसांसमोर खरं अन्न मांडायचं नाही. मागच्या साली त्या उंटवाल्यांच्या मालिकेत सुलतानासमोर खरं भाजलेलं कोकरू ठेवलं होतं. सूर्यास्त झाला, दिवे एक मिनिट गेले, दिवे आले. सुलतान होता, ताट होतं, कोकराचं एक हाड होतं. म्हणून मी सगळं खोटं केलं. पाव प्लास्टर ऑफ पॅरिसचे. रस्सा म्हणजे कपड्यांची खळ, हिरवा रंग घालून. मधोमध फोमचा तीन शिंगांचा भाजलेला प्राणी. आणि चाळीस पेल्यांत चंद्रावरचं पाणी, म्हणजे साधी कपड्यांची नीळ, वर साबणाचा फेस. काय दिसत होतं म्हणून सांगू! मी स्वतःवरच खूश झालो.

एवढंच झालं, की टेबलावर घालायचं चंदेरी कापड सकाळी इस्त्री करताना वितळून इस्त्रीलाच चिकटलं. मी डगमगलो नाही. ओळखीच्या तंबूवाल्याकडून लाल-निळ्या नक्षीचं कापड आणलं आणि टेबलांवर अंथरलं. उरलं ते धूळ येऊ नये म्हणून बाजूने आडोशाला बांधलं. गोल टेबलं गल्लीत मावेनात, मग लांबलचक सरळ रांग केली. खुर्च्या त्याच तंबूवाल्याच्या. वर गल्लीतल्या लोकांनी बांधलेले रमजानचे कागदी झेंडे आणि फानूस होतेच, त्यांना मी म्हटलं, राहा बाबांनो, तुम्ही तारे. पावणेसहा वाजले. फोमच्या प्राण्याचं तिसरं शिंग लटपटत होतं, म्हणून डिंक आणायला मी पाच मिनिटं आत गेलो.

फक्त पाच मिनिटं!

बाहेर येऊन बघतो तर टेबल भरलेलं. चाळीसच्या चाळीस खुर्च्यांवर माणसं! क्षणभर वाटलं, आले आपले परग्रहवासी. मग नीट पाहिलं. चंदेरी पोशाख नाहीत, तोंडं निळी नाहीत. मायक्रोबसचा एक जाडजूड ड्रायव्हर, हातांना सिमेंट लागलेले फरशीवाले, पुस्तकांची पिशवी मांडीवर घेतलेली दोन कॉलेजची पोरं, एक वाहतूक हवालदार शिट्टी खिशात घालून. सगळे शांत, हात मांडीवर, नजर ताटावर, कान मशिदीकडे.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रमजानात सूर्यास्ताच्या आधी कैरोच्या गल्लीत लांब टेबल दिसलं, त्यावर तंबूचं नक्षीदार कापड, बाजूला आडोसा, तर ते काय असतं हे आमच्याकडे तान्हं पोरसुद्धा सांगेल. कुणीतरी पुण्यवान माणसाने वाटसरूंसाठी मांडलेलं ते जेवण! बसताना कुणी कुणाला विचारत नाही. खुर्ची रिकामी दिसली की बसायचं आणि अजानची वाट बघायची. अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात, तसं मी सव्वीस वर्षांची अक्कल लावून, स्वतःच्या हाताने, हुबेहूब धर्माचं टेबल मांडून ठेवलं होतं!

तेवढ्यात कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. गच्चीवरून शेहाब. "शाब्बास काका! माणसं वेळेवर आली की! पण पोशाख का नाही घातले?"

"घालतायत!" मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मी आमच्या खऱ्या परग्रहवाल्यांच्या बसला फोन लावला. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "उस्ताद, आम्ही पिरॅमिडच्या रस्त्यावर गाड्यांत अडकलोय. बाजूच्या बसमधली पोरं आमची निळी तोंडं बघून रडतायत. आम्हाला काही अजानच्या आत पोचता येत नाही."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तसंही दिवसभर तोंडात पाणी नव्हतंच.

मी टेबलाशी गेलो. म्हटलं, सरळ सांगायचं: भावांनो, उठा, हे खोटं आहे. मी तोंड उघडलं, आणि ड्रायव्हरने वर बघितलं. "काय झालं मालक? जागा राखलेली आहे का? उठतो आम्ही."

आता तुम्हीच सांगा, दिवसभर रोजा धरलेला माणूस टेबलाशी येऊन बसलाय, अजानला पंधरा मिनिटं उरलीत, आणि त्याला म्हणायचं, ऊठ? आमच्याकडे चोरसुद्धा असं करणार नाही. "नाही, नाही, बसा," मी म्हणालो.

शेजारच्या फरशीवाल्याने प्लास्टरचा पाव उचलून टेबलावर आपटून पाहिला. टक, टक. "मालक, पाव जरा शिळा दिसतोय."

"शिळा नाही हो, तो..."

"असू द्या, असू द्या! मिळालंय ते गोड. रश्श्यात बुडवू की."

तिकडे हवालदाराने पेला उजेडात धरला होता. "हे निळं सरबत कशाचं?"

"परदेशी असणार," ड्रायव्हर म्हणाला. "फेस बघा ना किती!"

 अजान झाली की माणूस पहिली गोष्ट काय करतो? पाणी पितो! चाळीस माणसं एकाच क्षणी चाळीस पेले नीळ आणि साबण घशात ओतणार! पाटीवरचं नाव राहिलं बाजूला, माझं नाव पोलिसांच्या वहीत आलं असतं. वेगळ्या पानावर, एकटं!

"काय रे, असा भुतासारखा का उभा आहेस?" टेबलाच्या टोकाकडून आवाज आला. पाहतो तर राजाच्या सिंहासनावर एक म्हातारी! गल्लीतली इनशिराह, हज करून आलेली म्हणून हज्जा, तळमजल्यावरची. तिच्या दारात मांजरसुद्धा तिला विचारून बसतं. आपल्या गल्लीत जेवण लागलंय म्हटल्यावर देखरेख आपली, असं समजून ती येऊन बसली होती.

मी तिच्या कानाशी वाकलो आणि सगळं भडाभडा सांगितलं. चित्रण, नीळ, खळ, प्लास्टर, पाटी, सव्वीस वर्षं, सगळं. 

म्हातारीने माझ्याकडे एकदा खालून वर बघितलं. "म्हणजे चाळीस उपाशी माणसांना तू खळ पाजणार होतास?"

"अहो हज्जा, मी कुणाला बोलावलं नव्हतं!"

"टेबल मांडलंस ना? मग बोलावलंसच. खरं जेवण कुठेय?"

खरं जेवण होतं. स्टुडिओच्या कोठीत आमच्या साठ माणसांच्या इफ्तारचे साठ डबे होते: भात, कोफ्ता, कोंबडी. आणि एका वेगळ्या पिशवीत, कापडात गुंडाळलेली, सहा भरलेली कबुतरं. ती उस्ताद वगीह यांची. त्यांच्या आईने टांट्याहून बसने पाठवलेली. दुपारपासून उस्तादांनी तीन वेळा कोठीत येऊन त्या पिशवीचा नुसता वास घेतला होता आणि 'अल्ला माफ कर' म्हणून परत गेले होते. मी ते बोललो मात्र, हज्जा उठून उभीच राहिली.

"ऐका रे!" तिने आवाज दिला. "या माणसाच्या पोटावर पाय येतोय. इथे टीव्हीचं चित्रण आहे. जेवण मिळेल, पण हा सांगेल तसं करायचं. पेल्यांना कुणी हात लावू नका, ती नीळ आहे!"

हवालदाराने पेला असा खाली ठेवला, जणू बाँबच! ड्रायव्हर म्हणाला, "टीव्ही? कुठली मालिका? ती चंद्रवाली? अहो, माझी बायको रोज बघते!" झालं! पुढची दहा मिनिटं जे घडलं ते मी जन्मात विसरणार नाही. कोठीपासून टेबलापर्यंत रांग लागली आणि डबे हातोहात आले. पोरांनी प्लास्टरचे पाव टेबलाखाली लोटले, फरशीवाल्यांनी खळ गटारात ओतली. मी नळावरून बादल्या भरून पेले विसळले आणि त्यांत पाणी ओतलं. डब्यांची चांदीसारखी झाकणं निघाली, तशी हज्जा ओरडली, "टाकू नका! टोप्या करा!" चाळीस डोक्यांवर चाळीस चांदीच्या टोप्या! उरलेल्या निळीत तिने फडकं बुडवलं आणि नातवंडांची तोंडं पुसावीत तशी रांगेने एकेकाचं तोंड निळं केलं. हवालदार म्हणाला, "हज्जा, मी ड्यूटीवर आहे हो!" ती म्हणाली, "मग तुला दोन हात मारते."

घाईघाईत ती कापडातली पिशवीही कुणीतरी आणून सोडली होती. माझं लक्ष गेलं तेव्हा सहाच्या सहा कबुतरं चकचकीत ताटात, फोमच्या प्राण्याशेजारी, नेमकी ड्रायव्हरच्या पुढ्यात बसली होती. मी ती उचलायला हात पुढे केला, आणि राजे आले.

उस्ताद वगीह यांना तुम्ही पडद्यावर पाहिलंय. साडेसहा फूट उंची, दोन मजली मुकुट, पायघोळ झगा. ते आले आणि सिंहासनापाशी थबकले. "बाई, ही माझी जागा आहे."

"बाजूला बस की बाळा," हज्जा म्हणाली. "म्हातारीचे गुडघे धरलेत."

उस्ताद चाळीस वर्षांत कुणाच्या बाजूला बसले नसतील. ते मुकाट्याने स्टुलावर बसले. वॉकीटॉकी खरखरला. "काका, राणी कोण आहे ही? पटकथेत राणी नव्हती! पण काय दिसतेय! राहू दे, राहू दे! सगळे तयार?"

आणि मशिदीतून अजान आली.

दुसरी कुठलीही वेळ असती तर त्या चाळिसांपैकी तीस जणांनी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला असता. माझी तीच भीती होती. पण अजान झाल्यावर कैरोचा माणूस कॅमेऱ्याकडे बघत नाही, ताटाकडे बघतो. आकाश लालभडक, चांदीच्या टोप्या लखलखतायत, चाळीस निळी तोंडं एकदम खाली झुकली. कोण पाणी पितंय, कोण पुटपुटून दुआ करतंय, कोण शेजाऱ्याच्या ताटात आधी कोफ्ता वाढतंय. असा अभिनय कुणाला शिकवून येत नाही!

राजे उभे राहिले. त्यांचं एकच वाक्य होतं: 'खा, माझ्या लोकांनो! जे माझं आहे, ते तुमचंच आहे!' त्यांनी हात पसरले. "खा, माझ्या लोकांनो!" आवाज काय, वा! मग त्यांची नजर टेबलावरून फिरत फिरत ड्रायव्हरच्या ताटावर आली.

ड्रायव्हरने नेमकं पहिलं कबूतर उचललं होतं. त्याचे दोन तुकडे केले, आतून वाफ आली, आणि त्या वाफेबरोबर टांट्याच्या मसाल्याचा वास सरळ स्टुलापर्यंत गेला. उस्तादांनी तो ओळखला. ओळखणारच, जन्मापासून खातायत. पहाटेपासून पोटात अन्नाचा कण नाही, कॅमेरा चालू, एका दमातलं दृश्य, हलायची सोय नाही! त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आडोशामागे बसलो.

"जे... जे माझं आहे," उस्ताद म्हणाले, आणि त्यांचा ओठ थरथरला, "ते... तुमचंच आहे."

आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी!

ड्रायव्हर मनाचा मोठा. राजा रडतोय म्हटल्यावर त्याला राहवेना. त्याने कबुतराची तंगडी तोडली आणि हात लांब करून थेट राजाच्या तोंडापाशी नेली. "घ्या ना राजेसाहेब. सगळं ठीक होईल." राजांनी तोंड उघडलं, घास घेतला, डोळे मिटले, आणि आणखीच रडले. भाग दाखवल्याच्या दुसऱ्या दिवशी एका मोठ्या वर्तमानपत्रात आलं, की प्रजेच्या हातून घास घेणारा राजा हे आपल्या टीव्हीच्या इतिहासातलं सर्वांत खोल रूपक आहे! म्हणजे भाचीच्या मोबाईलमध्ये आईचं जे आलंय ते अगदीच निराधार नाही. आईचा संबंध होता, पण तो कबुतरांपुरता.

"कट!" गच्चीवरून किंकाळी आली. शेहाब पाच मजले धावत उतरला, त्याला धाप लागली होती. "काका! कुठून आणलीत ही माणसं? एकाने कॅमेऱ्याकडे बघितलं नाही! आणि उस्ताद, तुम्ही तर... मी काय बोलू!"

"तू काही बोलू नकोस," उस्ताद म्हणाले. "मला फक्त बय्यूमीशी बोलायचंय." पण ते माझ्यापर्यंत पोचायच्या आत त्यांना टाळ्या ऐकू आल्या. अख्खी गल्ली टाळ्या वाजवत होती, बाल्कन्या वाजवत होत्या. एवढ्या टाळ्या मिळाल्यावर नट कुणाला मारत नाही. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि ड्रायव्हरला विचारलं, "किती उरलीत?"

"दोन," ड्रायव्हर म्हणाला, आणि ताट पुढे सरकवलं.

एक संकट टळलं, पण आगीतून फुफाट्यात. आमची साठ माणसं गच्चीवरून, जिन्यांतून, दिव्यांमागून खाली आली. साठ उपाशी माणसं! "डबे कुठेत?" प्रकाशवाल्याने विचारलं. मी चाळिसांच्या पुढ्यातल्या रिकाम्या ताटांकडे बघितलं. ते चाळीस जण माझ्याकडे बघू लागले. दुसऱ्यांदा वाढून घेणारे चाळीस जण साठ डबे सहज संपवतात, हे त्या दिवशी मला कळलं. प्रकाशवाला बाह्या सरसावत पुढे आला.

तेव्हा हज्जाने सिंहासनावर बसल्याबसल्याच वर तोंड केलं आणि हाळी दिली. "अगं बायांनो! यांनी आपल्या पाहुण्यांना जेवू घातलं आणि हेच उपाशी राहिले! गल्लीची अब्रू आहे का नाही?"

मंडळी, एकेका बाल्कनीतून दोरीला बांधलेल्या टोपल्या खाली यायला लागल्या. मुलूखियाची पातळ पालेभाजी, मसूरचं सूप, भरलेली वांगी, कुणाच्या घरचा अर्धा भात, कुणाची अख्खी खीर. माझ्या चंद्रावरच्या ताटांत गल्लीतला सगळा स्वयंपाक आला, आणि माझी साठ माणसं निळ्या तोंडाच्या पाहुण्यांच्या खांद्याला खांदा लावून जेवली. प्रकाशवाल्यानेच माझ्या ताटात वांगं वाढलं. मला भरून आलं. त्या क्षणी मी जगातला सर्वांत सुखी माणूस होतो, आणि माणूस सुखात असला की गाढवपणा करतो.

जेवण झालं तसे ते पाहुणे उठले आणि हात पसरून म्हणाले, "या टेबलाच्या मालकाला अल्ला बरकत देवो! नाव काय मालकांचं?"

"बय्यूमी!" हज्जा म्हणाली.

"अल्ला बय्यूमीला सुखी ठेवो!" चाळीस माणसं एका आवाजात! सव्वीस वर्षांत माझं नाव एवढ्या मोठ्याने कुणी घेतलं नव्हतं. 'अहो, मी नुसता वस्तूवाला आहे, डबे स्टुडिओचे होते,' हे वाक्य ओठांपर्यंत आलं होतं, खरंच आलं होतं. पण चव इतकी गोड होती की मी ते गिळून टाकलं.

नेमका तेव्हाच टेबलावर ठेवलेला माझा फोन वाजला. माझ्या दोन्ही हातांत ताटांची चळत. "नेरमीन असेल," शेहाब तोंडातला घास सांभाळत म्हणाला. "पाट्या तीच लिहिते. मी सांगितलं होतं तिला, तुमचं नाव नीट विचारून घे म्हणून." हज्जाने फोन उचलला. मला इकडचं तेवढंच ऐकू येत होतं.

"हो, हो, त्याचाच फोन. बय्यूमी. बय्यूमी अब्दुल-गव्वाद... काम? काम कसलं विचारतेस पोरी? मेजवानी सगळी त्याची! चाळीस जण जेवून तृप्त झाले... हो, एकट्याने... हाज का? मग! एवढं पुण्य करणारा माणूस हाज नसेल तर कोण?... रोज? टेबल एकदा मांडलं की ईदपर्यंत रोजच असतं, हे काय विचारायचं झालं?... लिही, लिही, गल्लीचं नावही लिही!"

'एकट्याने' हा शब्द कानावर आला आणि मी मान डोलावली. वाटलं, पाटीबद्दलच बोलणं चाललंय. पुढचं मी धड ऐकलंसुद्धा नाही, ताटं घेऊन हवेत तरंगत होतो.

दुसऱ्या दिवशी रोजा सुटल्यावर आमच्या बैठकीत मुंगी शिरायला जागा नव्हती. अकरा बिऱ्हाडं, रद्दीवाला, माझी तिन्ही मुलं आपापल्या बायका-नवऱ्यांसकट. भाग सुरू झाला. राजा रडला, आमची बैठक रडली. तहानी ओढणीने डोळे पुसत म्हणाली, "फ्रीजचा दरवाजा मी माफ केला." मग शेवटची धून वाजली आणि पाट्या सरकायला लागल्या.  माझ्या धाकट्याने माझा हात घट्ट धरला.

'वस्तू-विभाग: स्टुडिओचे कर्मचारी.'

 मी घसा खाकरला. "थांबा, वेगळी पाटी आहे म्हणालेत."

आणि ती आली! तुपाच्या कंपनीचे आभार, फरशीच्या कंपनीचे आभार, आणि त्यानंतर काळ्या पडद्यावर, मोठ्या अक्षरांत, एकटं:

'गरजूंसाठी धर्मार्थ भोजन: दानशूर हाज बय्यूमी अब्दुल-गव्वाद व कुटुंबीय. स्टुडिओमागील गल्ली. ईदपर्यंत रोज. सर्वांना आमंत्रण.'

तहानीने आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही हजला कधी गेलात?" तिने विचारलं. आणि मग, हळू आवाजात, "व कुटुंबीय म्हणजे कोण हो?"

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे उस्ताद लमई उठले. सोळा वर्षांत त्यांनी जिन्यात मला कधी सलाम केला नव्हता. त्यांनी माझे दोन्ही हात हातांत घेतले. त्यांचे डोळे ओले होते.

"हाज," ते म्हणाले, "आम्हाला तुमची किंमतच कळली नाही. उद्या आम्ही सगळेच येतो. माझ्या भावाचंही घर येतंय. किती वाजता बसायचं?"

ईदला अजून सात दिवस होते. अख्खी बैठक माझ्याकडे बघत होती, माझी मुलं अभिमानाने बघत होती. तहानी स्वयंपाकघरात गेली आणि आतून तांदळाचा डबा ओढल्याचा आवाज आला.

"सूर्य बुडायच्या आत या," मी म्हणालो. "उशीर केलात तर जागा मिळत नाही."